टॉप लोड वॉशिंग मशीन स्पिनला आलं की परत पाणी भरतंय, कंट्रोल बोर्डच गेलाय का?

शहापूर_अक्का
नमस्कार मंडळी. साडेसहा किलोचं फुल ऑटोमॅटिक टॉप लोड मशीन हाय, बेल्टवालं, इन्व्हर्टर नव्हे. भरतंय, धुतंय, पाणीपण सोडतंय, खरं शेवटच्या स्पिनला आलं की धाडधाड आपटतंय, थांबतंय आणि परत पाणी घ्यायला लागतंय. असं दोन-तीनदा करून शेवटी बीप मारत बसतंय. कपडे निथळलेले नसतात. शिवाय काळ्या कपड्यांवर पांढरी पूड राहाल्या. पाणी नळाचं आणि बोअरचं एकाच टाकीत मिसळून येतंय. मेकॅनिक न उघडताच बोर्ड बदला म्हणाला. बोर्ड घालण्याआधी घरी काय काय बघता येईल तेवढं सांगा की.

टिळकवाडी_फिटर
अक्का, बोर्डाचं नाव सध्या काढूच नका. तुम्ही सांगताय ते बोर्ड चालू असल्याचंच लक्षण आहे. स्पिनमध्ये टब एका बाजूला झोकांडी खाऊ लागला की मशीनला ते कळतं. मग ते थांबतं, पाणी घेतं, कपडे घुसळून सारखे पसरवायचा प्रयत्न करतं आणि पुन्हा स्पिनला जातं. ठराविक वेळा जमलं नाही की बीप. बहुतेक कंपन्यांच्या मशीनवर अशा वेळी यू-ई किंवा त्यासारखा कोड येतो. तुमच्या डिस्प्लेवर काय येतंय ते कळवा.

आता क्रमाने बघा. आधी प्लग काढा.

झाकण उघडून रिकाम्या टबाकडे वरून नजर टाका. तो बॉडीच्या मधोमध आहे का? एका कोपऱ्याकडे कलला असेल तर त्या कोपऱ्यातला सस्पेन्शन रॉड, म्हणजे टब टांगून धरणारा स्प्रिंगवाला दांडा, ढिला पडलाय. मग दोन्ही तळवे टबाच्या काठावर ठेवून चार-पाच इंच खाली दाबा आणि एकदम सोडा. टब वर येऊन जागेवर थांबला तर रॉड ठीक. दोन-तीनदा वरखाली हेलकावत राहिला तर रॉडच्या खालच्या टोपीतली पकड संपली. स्पिनला साधारण ७०० फेरे मिनिटाला होतात, तेव्हा हीच टोपी झटके खाऊन टाकते. ती सैल पडली की दोन टॉवेलसुद्धा मशीनला नाचवतात.

नंतर पाय. मशीनच्या वरच्या पत्र्यावर गवंड्याची स्पिरिट लेव्हल आडवी-उभी ठेवा. पुढचा पाय फिरवून बुडबुडा मधे आणा आणि पायावरचा चेकनट, म्हणजे पाय फिरू न देणारा नट, वर घट्ट आवळा. चेकनट सैल राहिला तर आठवड्यात पाय परत फिरतो. पायाखाली पुठ्ठा, लाकडाचा तुकडा असलं काही घालू नका, ओलं झालं की दबतं. मशीनचे दोन तिरपे कोपरे आलटून पालटून दाबा, डुगडुगता कामा नये.

शेवटचं म्हणजे ड्रेन पाईप. तो कुठून कुठे जातो, मधे किती उंच चढतो, हे नीट लिहा.

शहापूर_अक्का
यू-ई येतंय. टब दाबून सोडला तर तीनदा हलतोय. मशीन गेल्या पावसाळ्यात न्हाणीबाहेर हलवलंय, पाईप न्हाणीच्या कट्ट्यावरून आत सोडलाय. कट्टा वीतभर हाय.

टिळकवाडी_फिटर
मग रॉड आणि पाईप, दोन्हींत दोष आहे. तुमच्या मशीनमध्ये पाणी पंपाने फेकलं जात नसेल, तळातला व्हॉल्व्ह उघडून आपोआप वाहून जात असेल, तर पाईप जमिनीवरूनच गेला पाहिजे. वाटेत उंबरा असला तरी दहा सेंटिमीटरच्या आतच. वीतभर कट्टा म्हणजे वीस सेंटिमीटर. कट्ट्याच्या पातळीखालचं पाणी बाहेरच्या टबात अडकून राहतं आणि स्पिन सुरू झाला की आतला टब त्या पाण्यात घासत फिरतो. फेस झाला तर अजून वाईट. कट्ट्याला तळाशी भोक पाडून पाईप थेट आत घ्या. पाईपचं तोंड साचलेल्या पाण्यात बुडवू नका आणि पाईप जोडून लांबवायचा असेल तर आतला व्यास कमी करू नका.
पंपवाल्या मशीनला हा नियम उलटा, तिथे पाईप मीटरभर उंच टांगायला सांगतात. मागच्या बाजूचं स्टिकर किंवा पुस्तिका बघून ठरवा.

खानापूर_रोड
रॉडबद्दल थोडं सविस्तर. चारही एकदम बदला. जुने तीन आणि नवा एक असं केलं की टब नव्या रॉडच्या उलट बाजूला झुकतो. दुकानात "साडेसहा किलोचे रॉड द्या" एवढं सांगून चालत नाही. मॉडेल नंबर द्या आणि जुना रॉड काढून लांबी ताडून बघा. काही मशीनमध्ये पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगांची ताकद वेगळी असते, रंगाने ओळखायच्या. म्हणून काढताना कोपऱ्याप्रमाणे खूण करून ठेवा.

काढायची पद्धत अशी: प्लग काढा, नळ बंद करा. वरच्या झाकणाचे मागचे स्क्रू काढून झाकण मागे उलटा, पण आत वायरी असतात, हिसका नको. एकाने टब उचलून धरायचा, दुसऱ्याने रॉडचं वरचं टोक कोपऱ्यातल्या वाटीतून बाहेर काढायचं. एकट्याने हे करू नये, टब एका बाजूला आपटला तर पाण्याची पातळी कळवणारी प्रेशरची नळी ओढली जाते. टोपीत रॉडसोबत येतं तेच ग्रीस राहू द्या. वरून साधं बेअरिंग ग्रीस भरणारे बरेच जण आहेत. ते निसरडं असतं, टोपीतलं घर्षणच निघून जातं आणि टब पुन्हा हेलकावतो.

आणि रॉड नवे घातले तरी एक गोष्ट मशीनला मारते, ती म्हणजे रेनकोट. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हे होणारच. रेनकोट, रेक्झिनचा टेबलक्लॉथ, प्लास्टिकची चटई स्पिनला घालू नका. पाणी त्यांच्या घडीत अडकतं, बाहेर पडत नाही आणि वेग वाढला की एकदम एका बाजूला जातं. रॉड सुटून टब बॉडीवर आपटलेली मशीनं यातूनच येतात. वाकळ किंवा एकटी जाड चादरही तशीच, तिच्याबरोबर दोन टॉवेल समोरच्या बाजूला घाला. शेतातल्या लाल मातीचे कपडे आधी बादलीत खळबळून घ्या, ती माती तळाला बसते आणि ड्रेन व्हॉल्व्हच्या रबराखाली अडकते.

निपाणीकर_स्पेअर
वरचे दोघे बरोबर सांगताहेत, पण "स्पिन होत नाही" म्हणून हा धागा उघडणाऱ्यांसाठी पुरवणी. तुमचं मशीन आपटतच नसेल, नुसतं फिरत नसेल, तर वाट वेगळी आहे.

टॉप लोडमध्ये एकच ड्रेन मोटर दोन कामं करते: ड्रेन व्हॉल्व्ह उघडते आणि त्याच ओढीने गिअरबॉक्सचा क्लच धुण्याकडून स्पिनकडे टाकते, ब्रेकही सोडते. म्हणून पाणी जात नाही आणि टबही फिरत नाही, असं जोडीने असेल तर ड्रेन मोटर पाहा. स्पिनला लावल्यावर खालून टक आवाज येऊन मोटारीची ओढतार सरकली पाहिजे. पाणी गेलं पण टब फिरत नाही, नुसतं गुणगुणतं, तर मोटारीला सुरू व्हायला जोर देणारा कॅपॅसिटर गेलाय. अशा मोटारींना साधारण ९ ते १२ मायक्रोफॅरॅडचा असतो, मोटारीवर किंवा जुन्यावर लिहिलेला आकडाच घ्या आणि जुन्याला हात लावण्याआधी त्याचा चार्ज उतरवा. मोटर फिरते, पण टब हळू, शिवाय रबर जळल्याचा वास, तर बेल्ट. मधे बोटाने दाबल्यावर साधारण एक सेंटिमीटर दबला पाहिजे.
पाणी सतत भरतच राहतं, थांबत नाही, त्याची परीक्षा सोपी: प्लग काढा. तरीही पाणी येत असेल तर पाणी आत सोडणाऱ्या इनलेट व्हॉल्व्हमध्ये कचरा. प्लग काढल्यावर थांबत असेल तर टबाच्या तळातून प्रेशर सेन्सरकडे जाणारी बारीक नळी सुटलीय, चिरलीय किंवा तिच्या तोंडाशी चिखल जमलाय. बोर्डाचा नंबर त्याच्याही नंतर.

वडगाव_बोअरवाला
पांढऱ्या पुडीकडे वळतो. आधी ती आहे काय ते बघा. डाग आधी साध्या पाण्यात खळबळा, निघाला तर ती न विरघळलेली पावडर. राहिला तर लिंबू पिळा, बारीक बुडबुडे येऊन विरघळला तर तो चुन्याचा. बऱ्याच पावडरींत धुण्याचा सोडा असतो, बोअरच्या पाण्यातल्या कॅल्शियमशी त्याची गाठ पडली की कॅल्शियम कार्बोनेट होऊन कपड्यावर बसतं. राकसकोप किंवा हिडकल धरणाचं, म्हणजे आपल्या बेळगावच्या नळाचं पाणी साधारणपणे बोअरच्या मानाने मऊ असतं, म्हणून शक्य असेल तर मशीनची लाईन नळाच्या पाण्याच्या वेगळ्या टाकीवर घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला आणि दुसरं पाणी नसल्यास ६०० पर्यंत चालवून घेण्याचा मानला जातो. हा आकडा टीडीएस मीटरवर (तो विरघळलेले सगळे क्षार एकत्र दाखवतो) दिसत नाही, पाणी तपासायला द्यायला लागतं.

पावडर टॉप लोडचीच घ्या. बादलीत हाताने धुवायची पावडर मशीनला घालू नका, फेस इतका होतो की स्पिनचा जोरच जातो. जुना साठा आहे का ते कळायला धुतलेले चार कपडे पावडर न घालता फिरवा. तरीही फेस आला तर आतल्या-बाहेरच्या टबांमधल्या फटीत साबण साचलाय.
त्यासाठी सायट्रिक ॲसिड, म्हणजे वाण्याकडे लिंबूसत्व मागा. पूर्ण पातळीला १०० ते १५० ग्रॅम, आधी बादलीत विरघळवून. दोन-तीन बादल्या कोमट पाणी घाला, उकळतं नको, प्लास्टिकचा टब आहे. दहा मिनिटं फिरवा, तासभर थांबा, परत फिरवून सोडा आणि नुसत्या पाण्याने दोनदा धुवा. काळे पापुद्रे निघाले तर घाबरू नका, ती साबणाची आणि बुरशीची साय आहे. ब्लीच त्याच दिवशी घालू नका, ॲसिडशी मिसळून क्लोरीन वायू सुटतो, बंद न्हाणीत तो जीवघेणा आहे. बोअर असेल तर महिन्याला एकदा, नळावर असेल तर दोन महिन्यांनी. धुणं झालं की झाकण उघडं ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच.
नळाकडच्या पाईपच्या टोकातली जाळी पक्कडीने ओढून ब्रशने साफ करा. पाणी बंद होऊन पुन्हा सुटलं की पहिल्या लोटात गंज आणि रेती येते, तेव्हा मशीनचा नळ पाच मिनिटं बंद ठेवा.

शहापूर_अक्का
कट्ट्याला भोक पाडून पाईप खाली घेतला, चारही रॉड घातले. स्पिन आता गप हाय, कपडे निथळतात. लिंबूसत्व ह्या आठवड्यात घालते. अजून एक, पत्र्याला टेस्टर लावला की बारीक पेटतोय, हाताला जरा झिणझिण्यापण येतात. हे नवीनच दिसलं.

टिळकवाडी_फिटर
ते आधी मिटवा, तोवर मशीन वापरू नका. बहुतेक वेळा मशीनमधल्या विजेच्या फिल्टरचा अगदी थोडा करंट पत्र्यावर येतो आणि अर्थिंग नसल्यामुळे तो जमिनीत जात नाही. पण कधी वायर घासून इन्सुलेशन गेलेलंही असतं आणि टेस्टरवर दोन्ही सारखेच दिसतात. इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटच्या फेज आणि अर्थमध्ये व्होल्टेज मोजून घ्या, फेज-न्यूट्रलइतकंच आलं पाहिजे. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त असेल तर अर्थपिटात, म्हणजे अर्थिंगच्या खड्ड्यात, पाणी, मीठ, कोळसा बघायला लागेल. सॉकेट १६ अँपिअरचाच, एक्स्टेन्शन बोर्ड नको. घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, नसेल तर याच वेळी बसवून घ्या. आणि मशीन तिरपं करून खाली बॅटरी मारा, उंदराने वायर कुरतडलीय का ते दिसेल. टॉप लोडचा तळ उघडाच असतो, तिथे जाळी लावलेली बरी.