मलावीच्या खेड्यात मिशनने आरोग्याचं ट्रेनिंग द्यावं, पण प्रार्थना बाजूला ठेवून. पटतंय का?

नगरची नर्स:
मी आणि नवरा दोघंही नगर जिल्ह्यातले, ख्रिस्ती. मी नर्स, तो पाण्याच्या कामातला. एका मिशनतर्फे दोन वर्षं आफ्रिकेतल्या मलावीत होतो, मांगोची जिल्ह्यात, मलावी तलावाच्या काठाला (मिशनचं नाव घेत नाही). परत आल्यापासून सगळे विचारतात तिथे दिवसभर काय करायचात, म्हणून आधी ते सांगते आणि मग मुद्द्यावर येते.

उजाडायच्या आत बोअरच्या हातपंपावर बादल्यांची रांग, त्यात आमची पण बादली. दाराची कडी कुणी वाजवत नाही, बाहेरूनच "ओडी!" अशी हाक मारतात, मग चूल पेटायच्या आधीच कुणाचं तापलेलं पोर ओट्यावर. दुपारी न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड समजा, आणि सोबत उसिपा, तलावातली इवलीशी मासळी, वाळवली की थेट आपल्या सुकटीची आठवण येते. लाईट असली तर असली. मंगळवारी आणि गुरुवारी आंब्याखाली ट्रेनिंग, बावीस बायका, वाचता येणाऱ्या पाच-सहा. पहिला अख्खा दिवस नुसत्या चमच्यात गेला, कारण प्रत्येकीच्या घरचा चमचा वेगळा. जुलाबात द्यायचं पाणी शिकवायचं होतं: एक लिटर पाण्याला साखर सहा सपाट चहाचे चमचे, मीठ अर्धाच, आणि चाखून बघायचं, डोळ्यातल्या पाण्याहून खारट लागलं तर ओतून द्यायचं आणि परत करायचं. हे त्यांनी इतकं मनावर घेतलं की पुढच्या आठवड्यात त्याच मला चाखायला लावायला लागल्या.

आता मुद्दा. त्या भागात याओ लोक खूप, आणि ते बहुतेक मुसलमान. आमच्या बावीसातल्या नऊ जणी मुसलमान होत्या. मिशनच्या ठरलेल्या पद्धतीत आधी गाणं, वचन, प्रार्थना आणि मग धडा. त्या नऊ जणी तेवढा वेळ लांब भिंतीकडे बसायच्या. एकदा प्रार्थना लांबली आणि सांगणाऱ्याने त्यातूनच थेट धडा सुरू केला, बाळाच्या धोक्याच्या खुणांचा, आणि ह्यांना कळलंच नाही की सुरू झालं. तिसऱ्या दिवशी त्यातलीच एक तिचं बाळ घेऊन आली, डोळे आत गेलेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी. बाळ वाचलं देवाच्या कृपेने, पण ते भिंतीकडे बसणं माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. मिशनने हे काम करावं असं मला मनापासून वाटतं, फक्त दोन्ही गोष्टी एकात एक मिसळू नयेत. तुम्हाला काय वाटतं?

सरळ बोल:
ताई तुमच्या कष्टांबद्दल आदर आहे, पण प्रार्थना बाजूला ठेवली की झालं हे मला पटत नाही. लिव्हिंगस्टन हा स्कॉटिश मिशनरी १८५९ मध्ये ह्याच तलावापाशी पोचला तेव्हा त्याच्या डोक्यात धर्म आणि व्यापार एकत्रच होते, आणि स्कॉटिश मिशन १८७५ ला बसलं ते केप मॅक्लिअरला, म्हणजे तुमच्याच मांगोचीत. औषध देणारा हात आणि पुस्तक देणारा हात एकच असला की घेणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. आजारी पोर मांडीवर असलेली आई कशाला नाही म्हणणार? हे काम सरकारनेच करायला हवं. तिथे सरकारी पगारी आरोग्य कार्यकर्ते आहेत ना, त्यांच्या हाताखाली द्या ट्रेनिंग.

खेड्यातला डॉक्टर:
सरळ बोल, सरकारने करावं हे बरोबरच, पण वस्तुस्थिती बघा. तिथल्या ख्रिस्ती दवाखान्यांची संघटना १९६६ पासून आहे आणि देशातल्या आरोग्यसेवेचा मोठा भार तीच उचलते, तोही बहुतेक खेड्यांत. सरकार त्यांच्याशी करार करून बाळंतपणाचे वगैरे पैसे भरतं. सरकारी कार्यकर्ता हजार लोकांमागे एक असं ठरलेलं आहे, पण प्रत्यक्षात एकेकाकडे त्याहून कितीतरी जास्त लोक आणि हाताशी सायकल, तीही असली तर. मार्च २०२२ पासूनच्या कॉलऱ्यात त्या देशात १,७०० च्या वर माणसं गेली. अशा वेळी साखर-मिठाचं पाणी कुणी शिकवलं ह्याची जात विचारत बसायला वेळ नसतो.

माझी हरकत वेगळी आहे. नुसतं ट्रेनिंग देऊन सोडून देणं हा घात आहे. मलावीत गावातल्या सुइणींना वर्षानुवर्षं शिकवलं, मग २००७ मध्ये सरकारनेच त्यांना बाळंतपणं करायला बंदी केली, कारण रक्तस्राव सुरू झाला तर शिकलेली सुईणही काही करू शकत नाही, मागे दवाखाना लागतो, गाडी लागते. २०१० मध्ये बंदी उठवली कारण दवाखाने लांब ते लांबच. शिकवणारा धार्मिक की निधर्मी ह्यापेक्षा हे मला जास्त छळतं.

आंबेडकरांची लेक:
डॉक्टर, वेळ नसतो म्हणून प्रश्न संपत नाही. नऊ बायका लांब बसल्या हे वाचून मला आमच्या आजीचं शाळेतलं बसणं आठवलं. लांब बसून शिकणं म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही त्याला ते किरकोळ वाटेल.

जामखेडची वाट:
मी ख्रिस्ती आहे आणि मूळ धाग्याच्या विरुद्ध मत मांडतोय. श्रद्धा लपवून सेवा करा हे सांगणं म्हणजे माणसाला अर्धं कापणं आहे, तुम्ही तरी तिकडे कशामुळे गेलात ताई? पगारासाठी तर नक्की नाही. आणि मलावीत सरकारी मीटिंगसुद्धा प्रार्थनेने सुरू होते, तिथे ती कुणाला परकी वाटत नाही, आपण इथे बसून त्यांच्या वतीने संकोच करतोय.

नगरची नर्स:
दादा, प्रार्थनेसाठीच तर गेलो. पण तुमच्या नावातच उत्तर आहे हो. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे दोघंही पक्के ख्रिस्ती, १९७० ला जामखेडला काम सुरू केलं, निरक्षर बायकांना, त्यात कितीतरी दलित, आरोग्य शिकवलं, आणि कुठल्या बाईला शिकायच्या आधी येशूचं नाव घ्यावं लागलं नाही. आफ्रिकेतूनही माणसं तिथे शिकायला येतात ती हेच बघायला येतात. आणि प्रार्थना परकी वाटत नाही म्हणता, त्या नऊ जणींना वाटली. मी तिथे होते.

जामखेडची वाट:
ताई, आरोळेंनी श्रद्धा लपवली पण नाही. तुमच्या मिशनमध्ये चूक झाली ती प्रार्थनेची नाही, धडा सुरू झाल्याचं न सांगण्याची. गाणं ठेवा, धडा वेगळा पुकारा, बाहेर बसलेल्यांना हाक मारून आत बोलवा. एवढ्यावर मी तुमच्याबरोबर आहे, त्यापुढे नाही.

गोदाकाठ:
थोडं अवांतर पण सांगायलाच हवं. आफ्रिकेतलं मिशन म्हटलं की सगळ्यांना गोरा माणूस दिसतो. लिव्हिंगस्टनचा शेवटचा नोकरवर्ग बघा. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं आमच्या नाशकात, शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली. त्यातला जेकब वेनराइट. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन वारला तेव्हा त्याचं हृदय पुरलं त्या झाडावर अक्षरं कोरणारा हाच, आणि ते शव समुद्रापर्यंत वाहून नेणाऱ्यांतही हा होता. रोज शरणपूर रोडने जातो आणि त्याचं नाव कुठेही दिसत नाही ह्याचं वाईट वाटतं. काम नेहमी तिथल्याच माणसांनी ओढलंय.

आशाताई:
मी आशा वर्कर आहे, माझा एकच प्रश्न. त्या बावीस बायकांना पैसे मिळतात का? स्वयंसेविका, सेवा, देवाचं काम, हे शब्द आम्ही पण खूप ऐकले. २०२३ च्या संपात आम्ही मानधनासाठी बसलो होतो तेव्हा आम्हालाही हेच ऐकवलं. गरीब बाईने रात्री दोनला उठून दुसऱ्याचं पोर बघायचं आणि सकाळी शेतात पण जायचं, हे फुकट का? प्रार्थना आधी की नंतर ह्यावर तुम्ही एवढं लिहिलं, ह्यावर कुणीच नाही.

सरळ बोल:
आशाताई, मान्य. हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

नगरची नर्स:
नाही मिळत. साबणाची वडी, एक चितेंजे म्हणजे कमरेला गुंडाळायचं तिथलं कापड, आणि वर्षातून एकदा जेवण. मी हे मिशनमध्ये बोलले तेव्हा पैसे दिले तर देणगी संपल्यावर काम बंद पडेल असं उत्तर मिळालं, आणि त्यावर मला तेव्हा काही सुचलं नाही. आता वाटतं, त्या मीठ-साखर स्वतःच्या घरातली घालत होत्या, निदान तेवढ्याचे पैसे तरी द्यायला हवे होते.

परवा तिथून व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी मेसेज आला. पाऊस सुरू झालाय. आम्ही त्या बायकांच्या घरी संडासाबाहेर हात धुवायला कॅन टांगून पायाने दोरी दाबायची सोय केली होती, त्यातल्या दोघींचे खांब वाळवीने खाल्ले, बाकीचे उभे आहेत. ती भिंतीकडे बसणारी आता दुसऱ्या गावात चमचा शिकवायला जाते, चालत, येऊन-जाऊन तीन तास. आशाताई, तुमचा प्रश्न मी तिला विचारते.