आजेसासूबाईंची नथ, बोरमाळ आणि राणीछाप रुपयांची माळ : काळ आणि घटक कसे ओळखावेत?

प्रश्न : नथीतला मधला खडा लाल असून मोती किंचित पिवळसर आहेत, आणि घरात सगळे ते बसऱ्याचेच, म्हणजे आखातातले नैसर्गिक मोती, मानतात. बोरमाळेवर कोणताही छाप नाही, म्हणून सराफांनी ती मोडीत घालण्याचा सल्ला दिला. विकायचे काहीच नाही. दागिने साधारण कधीचे आणि कशाचे आहेत, एवढेच कळावे.

प्रतिसाद १ : ताई, छाप नसणे हा बोरमाळेचा दोष नव्हे, कारण आपल्याकडे सोन्यावर हॉलमार्किंग, म्हणजे शुद्धतेचा अधिकृत शिक्का मारणे, 2000 साली सुरू झाले आणि ते टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले 2021 पासून. मणी पोकळ असून आत लाख असेल, तर एकूण वजनावरून सोने किती ते ठरत नाही आणि यंत्रावरची तपासणी केवळ पृष्ठभागाचा कस सांगते. लाख वितळते, म्हणून माळ उजाळायला मुळीच देऊ नका.

मोत्यांबाबत घरच्या आठवणीपेक्षा भोकावर विश्वास ठेवावा. दहापट भिंगातून भोकाच्या आत पाहिले असता मणी आणि वरचा थर यांच्यामध्ये रेघ दिसली, तर मोती संवर्धित (शिंपल्यात मणी घालून माणसाने वाढवलेला), म्हणजे बहुधा 1920 नंतरचा. दातावर घासून खरखर लागली, तरी तो काचेचा नाही एवढेच कळते. नैसर्गिक की संवर्धित, याचा निकाल क्ष-किरण तपासणीच देते. प्रयोगशाळेत ती होते का, हे जाण्याआधी विचारावे.

लाल खड्यात वक्र रेषा दिसल्या, तर तो फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हर्नॉय यांच्या 1902 मध्ये जाहीर झालेल्या पद्धतीने केलेला कृत्रिम माणिक असू शकतो. तारेवरून मात्र नथीचे वय काढू नये. नथ पुन्हा गुंफून घेण्याची रीत जुनीच आहे.

प्रतिसाद २ : वरील मताशी सहमत आहे, मात्र खडा कोंदणात बसवलेला असेल तर तपासणीसाठी तो उचकटू देऊ नये, बंद कोंदणात रेषा दिसत नसतील, तर ते उत्तर अपुरे राहिले तरी चालेल. रुपयांवर राणी व्हिक्टोरियाच्या नावापुढे ‘क्वीन’ असेल तर नाणे 1862 ते 1876 या काळातले आणि ‘एम्प्रेस’ असेल तर 1877 किंवा त्यानंतरचे. गंमत म्हणजे 1862 साल कोरलेले रुपये 1874 पर्यंत पाडले जात होते. माळ अर्थातच त्याहून बरीच अलीकडची असू शकते, त्यामुळे कड्यांचे डाग, म्हणजे नाण्याला कडी जोडल्याचे सांधे, पाहावेत : सगळ्या नाण्यांना सारख्याच घडणीची कडी असेल तर माळ एकाच वेळी केलेली, नाहीतर ती पिढ्यांनी वाढवलेली.