प्रतिसाद: रॅप सोडलं कुठे?

वर कुणीतरी म्हटलंय, ब्रिटिश रॅपर-गायक प्लॅन बीनं २०१०च्या 'द डिफेमेशन ऑफ स्ट्रिकलंड बँक्स' या अल्बममध्ये खपासाठी रॅप सोडलं. मला हे अजिबात पटत नाही. अख्खा अल्बम एक कथा सांगतो, आणि त्या कथेतला स्ट्रिकलंड स्वतःच सोल (कृष्णवर्णीय अमेरिकनांची भावपूर्ण गायनशैली) गायक आहे, खोट्या आरोपावरून तुरुंगात गेलेला. मग तो सोलच गाणार ना! आणि त्यातलं 'शी सेड' हे गाणं परत एकदा नीट ऐका. आधी तो उंच, कोवळ्या आवाजात गातो. कोर्टात साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहायची वेळ येते तेव्हा मात्र गाणं थांबतं आणि रॅप सुरू होतं. न्यायाधीशांसमोर जीव तोडून बाजू मांडणारा माणूस ताना कशा घेईल? तिथे माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो. २००६च्या पहिल्या अल्बममधला तो संतापलेला, लंडनच्या फॉरेस्ट गेटचा पोरगा प्लॅन बी तिथे स्पष्ट ऐकू येतो.