मदत हवी आहे: डिस्टेंपरच्या जुन्या भिंतीवर चिकटवायच्या लाकडी पट्ट्या टिकतील का? (ग्वाल्हेर)

नमस्कार मंडळी,

आमचं घर लश्करमधलं, जुनं. बैठकीतल्या दिवाणामागच्या भिंतीला खऱ्या लाकडाच्या पट्ट्या लावायच्या आहेत. मागचा कागद सोलायचा आणि दाबून बसवायच्या, त्या प्रकारच्या. जाडी 5 मिलिमीटरच्या आसपास. आईला लाकडी भिंतीची फार हौस आहे, पण तिला दमा आहे. सुतारकामाचा भुसा आणि पॉलिशचा वास तिला सोसणार नाही, म्हणून हा मार्ग शोधला.

भिंत दगडी, वर चुन्याचा गिलावा आणि त्यावर डिस्टेंपरचे कितीतरी हात. तळवा फिरवला की पांढरी भुकटी लागते. रुंद सेलोटेप दाबून लावली आणि ओढली, तर अख्खा पापुद्रा निघून आला, खाली जुना निळा रंग दिसला. जमिनीलगत वीतभर भागाला पावसाळ्यात ओल येते, लोणाही (पांढरा क्षार) फुटतो.

दुसरी काळजी कूलरची. मे महिन्यात बाहेर 45 अंश आणि लू, आत खिडकीतल्या कूलरचा दमट वारा थेट याच भिंतीवर. जानेवारीत रात्री पारा 5 च्या खाली जातो. एवढ्या फरकात लाकूड फुगून सुटणार नाही ना?

रंगारी म्हणतो, वरून प्रायमर मारू, काम झालं. मला ते पटत नाहीये. कोणी अशा भिंतीवर काम केलं असेल तर कृपया सांगा. पट्ट्या स्वस्त नाहीत, आणि एकदा निघाल्या की तो गोंद पुन्हा धरत नाही.

प्रतिसाद: ओळंबा

तुमची शंका बरोबर आहे. अशा कामात गोंद सहसा दगा देत नाही, डिस्टेंपर देतं. पट्टी डिस्टेंपरला घट्ट चिकटते, पण डिस्टेंपरच भिंत सोडतं. सेलोटेपने तेच दाखवलंय. प्रायमरही त्याच पापुद्र्यावर बसणार, त्यामुळे उपयोग नाही.

डिस्टेंपर खरवडायलाच हवं, पण कोरडं नको. कोमट पाण्याचा स्पंज फिरवा, थोडं मुरू द्या, मग रंगाऱ्याच्या खरवडायच्या पत्र्याने काढा. चिखलासारखं खाली येतं, धूळ उडत नाही. आईंना तोवर दुसऱ्या खोलीत ठेवा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून पॉलिश पेपर कोरडा घासू नका.

पण चुन्याच्या भिंतीला ओल बाहेर टाकायला वाव लागतो. लोणा येत असताना तिच्यावर थेट पट्ट्या लावल्या तर ओल मागे कोंडेल. मी तुमच्या जागी असतो तर भिंतीवर आधाराच्या उभ्या पट्ट्या (बॅटन) ठोकून, त्यांवर वॉटरप्रूफ प्लाय स्क्रूने बसवली असती आणि लाकूड त्या प्लायला चिकटवलं असतं. खाली वीतभर जागा उघडी सोडायची, वरही थोडी फट ठेवायची, म्हणजे मागून हवा खेळते. प्लाय दुकानातूनच मापाने कापून आणा, घरात भुसा होणार नाही. दगडात भोकं पाडताना मात्र धूळ होईल, ड्रिलजवळ व्हॅक्यूमची नळी धरा.

धागाकर्ता:

प्लायचा विचारच केला नव्हता. मग कूलरचं काय?

प्रतिसाद: ओळंबा

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. म्हणून पट्ट्या एकमेकींत करकचून ठासू नका आणि दोन्ही टोकांना, छताशी थोडी फट ठेवा, वर कॉर्निस (छतालगतची पट्टी) ती झाकून घेईल. लावण्याआधी दोन दिवस खोकी उघडून त्याच खोलीत ठेवा. कूलरचा झोत मात्र वळवाच, रोजचं पाणी थेट लाकडावर नको.

हंगाम ऑक्टोबरचा बरा. पावसाची ओल सुकलेली असते आणि थंडी आलेली नसते. कडाक्याच्या थंडीत हा गोंद नीट धरत नाही.

पहिली ओळ लेव्हलने आखा, फरशीवर विश्वास ठेवू नका, जुन्या घरात ती ढळलेली असते. लागोपाठच्या ओळींचे सांधे एका रेषेत न आणता पुढेमागे घ्या आणि प्रत्येक पट्टी रबरी रोलरने दाबा, हा गोंद दाबावरच धरतो. स्विचबोर्ड प्लायच्या पातळीवर पुढे आणावा लागेल, ते काम मेन बंद करून इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

प्रतिसाद: मावळतीकडे

एक भर घालते. वाळवी आधी बघून घ्या. दाराच्या चौकटी टिचकी मारून पोकळ वाजल्या तर आधी औषध, मगच प्लाय. आमच्या इथे वाळवी भिंतीतून वर चढली होती.

धागाकर्ता:

खालच्या चौकटीचा एक कोपरा पोकळ वाजतोय. आधी वाळवीवाल्याला बोलावतो, औषधाचा वास जाईपर्यंत आईला मावशीकडे ठेवतो. भिंत खरवडून झाली की फोटो टाकीन, लोणा किती आहे ते बघून प्लाय किती वर घ्यायची तेवढं सांगा.