मैत्रीभावना करताना शब्द कोरडे वाटतात, मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. गेले सात आठवडे मी रोज सकाळी वीस मिनिटे ध्यानाला बसते. पहिली बारा मिनिटे श्वासाकडे लक्ष आणि उरलेली आठ मिनिटे मैत्रीभावना, म्हणजे स्वतःसाठी आणि इतरांसाठी मनात सदिच्छा धरण्याचे बौद्ध ध्यान, असा क्रम मी ठरवून घेतला आहे. पहिल्या भागाबद्दल फारशी तक्रार नाही. श्वास आत येताना नाकपुडीच्या कडेला लागणारा गारवा आणि बाहेर पडतानाची किंचित ऊब आता ओळखीची झाली आहे. मन भरकटते, पण ते पूर्वीपेक्षा लवकर ध्यानात येते आणि स्वतःवर न चिडता परत येणेही जमू लागले आहे. शंका एकच आहे, की लक्ष दिले रे दिले की श्वास आपोआप चालत नसून मीच तो ओढते आहे असे वाटते.

खरी अडचण दुसऱ्या भागात आहे. ‘मी सुखी असो, मी निर्भय असो, माझे मन निर्वैर असो’ ही वाक्ये मी मनात म्हणते, पण ती पाढे म्हटल्यासारखी निघून जातात आणि त्यांच्या मागोमाग आदल्या दिवशी हातून झालेल्या चुका डोळ्यांसमोर उभ्या राहतात. मागच्या आठवड्यात, जिच्याशी माझे तीन वर्षे बोलणे बंद आहे अशा एका व्यक्तीला आठवून हीच वाक्ये म्हणून पाहिली. दुसऱ्याच वाक्याला दात आवळले गेले, जुने भांडण शब्दन् शब्द पुन्हा सुरू झाले, आणि उठले तेव्हा मन बसण्यापूर्वीपेक्षा अधिक अशांत होते.

भावना नसताना असे म्हणत राहणे म्हणजे स्वतःशी खोटे बोलणे आहे का? स्वतःऐवजी दुसऱ्या कोणापासून सुरुवात केली तर चालेल का? अनुभवी साधकांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद

श्वासाचे आधी सांगतो. तो ओढल्यासारखा वाटत असेल तर ‘आत्ता तो असा आहे’ एवढेच जाणावे. आनापानसतीत, म्हणजे श्वासाकडे लक्ष देण्याच्या या ध्यानात, लांब श्वास लांब म्हणून आणि आखूड श्वास आखूड म्हणून जाणायचा असतो, तो सुधारायचा नसतो. उच्छ्वास संपल्यावर पुढच्या श्वासाची घाई करू नका, तो आपणहून येतो.

खोटेपणाच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच वाक्यांत आहे. तुम्ही ‘मी सुखी आहे’ असे म्हणत नाही, ‘असो’ म्हणता. ते विधान नाही, इच्छा आहे, आणि इच्छा धरण्यासाठी मन आधी भरून यावे लागत नाही. मला स्वतःला कित्येक महिने काहीच जाणवत नव्हते, तरी तो काळ वाया गेला असे मी म्हणणार नाही. वाक्ये मात्र कमी करा. एकच घ्या आणि ते एकदा म्हटल्यावर पुन्हा म्हणण्याआधी चार-पाच श्वास जाऊ द्या.

ज्या व्यक्तीशी बोलणे बंद आहे तिच्याकडे तुम्ही फार लवकर गेलात. बुद्धघोष या बौद्ध आचार्यांनी पाचव्या शतकात ‘विसुद्धिमग्ग’ या साधनेवरच्या पाली ग्रंथात जो क्रम दिला आहे, त्यात आधी स्वतः, मग आदरणीय व्यक्ती, मग जिवलग मित्र, त्यानंतर तटस्थ व्यक्ती आणि सर्वांत शेवटी वैरी येतो. वैऱ्याला आठवताच राग उसळला, तर आधीच्या व्यक्तींकडे परत जाऊन मन मऊ करून घ्यावे, असेही त्यात सांगितले आहे. म्हणजे तुमचे दात आवळले जाणे हे अपयश नाही, परत फिरण्याची ती खूण आहे. शिवाय मैत्री म्हणजे त्या व्यक्तीचे वागणे मान्य करणे नव्हे, किंवा तिच्याशी पुन्हा बोलू लागण्याचे बंधनही नव्हे.

स्वतःपासून सुरुवात जड जात असेल तर जिच्या आठवणीने चेहरा सहज सैल होतो अशी हयात व्यक्ती निवडा. तिच्यासाठी पाच मिनिटे ते एक वाक्य म्हणा, आणि नंतर ‘तिच्यासारखीच मीही’ एवढे जोडून स्वतःला त्यात घ्या. निदान महिनाभर तिसऱ्या कोणाकडे जाऊ नका.