मदत हवी आहे: रस्त्यावरचं पावसाचं पाणी थेट नदीत जातंय, पालिकेकडे नेमकं काय मागावं?

आमच्याकडचा मुख्य रस्ता नव्याने होणार आहे. आराखडा हरकती-सूचनांसाठी खुला आहे. त्यात पावसाळी गटाराचा पाइप वाढवलाय आणि दोन्ही बाजूंचे मातीचे पट्टे काढून कुंपणापासून कुंपणापर्यंत काँक्रीट दाखवलंय. पाणी तुंबणार नाही, मान्य. पण ते जाणार कुठे? खालच्या नदीत, जसंच्या तसं. मलवाहिनी वेगळी आहे, ती प्रक्रिया केंद्राकडे जाते. पावसाळी गटाराच्या वाटेवर जाळ्यांशिवाय काहीच नाही.

पहिल्या सरीचं पाणी जाळीशी उभं राहून बघा: काळं, वर तेलाचा रंगीत तवंग, मागोमाग सिगारेटची थोटकं. टायरची झीज, ब्रेकची धूळ, बांधकामाची माती, कुत्र्यांची घाण, सगळं एकदम उतरतं. अमेरिकेच्या वायव्य भागात पाऊस पडला की शहरी ओढ्यांत कोहो साल्मन मासे मरायचे. त्याचं कारण 2020 मध्ये उघड झालं. टायरचं रबर तडकू नये म्हणून 6पीपीडी हे रसायन घालतात, त्याची ओझोनशी क्रिया होऊन जो पदार्थ बनतो तोच विषारी. असली गोष्ट जाळी कितीही बारीक केली तरी अडणार नाही.

हिशेब मी केलाय: 1000 चौरस मीटर काँक्रीटवर 25 मिमी पाऊस म्हणजे 25,000 लिटर. हे सगळं अडवा म्हटलं तर हसतील. मग निदान काय मागावं? 'पर्यावरणपूरक उपाय करावेत' असं मोघम लिहिलं की फाइलला लागतं आणि विषय संपतो, म्हणून नेमकं हवंय.

निचरा_निवांत:
याच क्षेत्रात डिझाइनचं काम करतो. पाइपच्या व्यासावरून भांडू नका, तिथे हराल. धो-धो पावसाला पाइप लागतोच. तुम्ही लहान सरी पकडा. वर्षातल्या बऱ्याचशा सरी लहानच असतात आणि रस्त्यावर साचलेली घाण पाण्याच्या पहिल्या लोंढ्यातच जास्त वाहते. तेवढा लोंढा मातीतून गाळायचा, उरलेलं पाणी पाइपात. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराने पावसाच्या पाण्यासाठी 2011 मध्ये 25 वर्षांची योजना घेतली, तिथलं मोजमापच 'हरित एकर' आहे: एक एकर टणक पृष्ठभागावरचा किमान पहिला इंच पाऊस सांभाळणं. त्यांच्याकडे बऱ्याच भागात मैला आणि पाऊस एकाच गटारात आहे, तुमच्याकडे वेगळा, पण हिशेब हाच लावा. तुमचे 25,000 लिटर म्हणजे साधारण तोच पहिला इंच, त्यामुळे कोणी हसणार नाही.

आता लिहायचं काय. मातीचे पट्टे राहू द्यावेत, पण रस्त्याच्या पातळीखाली. नेहमी पट्टा उंच आणि कर्ब (रस्त्याच्या कडेचा उंच कठडा) सलग बांधतात, मग पाणी शिरणार कुठून? कर्बला खाचा मागा. पट्टा 15 ते 30 सेंमी खोलगट, त्याखाली भरपूर वाळू मिसळलेली दोन-तीन फूट माती, तळाशी छिद्रांचा पाइप आणि जास्तीच्या पाण्यासाठी वर उचललेली जाळी. खाचेच्या तोंडाशी गाळ बसायला छोटा दगडी खळगा हवाच, नाहीतर बारीक गाळाची साय धरते आणि मुरणं बंद. कंपोस्ट मापात. जास्त झालं तर त्यातला फॉस्फरस धुऊन नदीतच जातो, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

तुमच्या कोहोंबद्दल: रस्त्याचं पाणी अशा मातीतून गाळून घेतलं तर त्यात ते तगतात, हे प्रयोगांत दिसलंय.

धागाकर्ता:
हे थेट उतरवून घेतो. दोन शंका. 'डास होतील' ही हरकत शेजारूनच येणार आहे. आणि रस्त्यावर एक पेट्रोल पंप आहे, तिथलं तेल जमिनीत मुरवणं बरोबर आहे का?

निचरा_निवांत:
अंड्यापासून उडता डास व्हायला उबदार हवेतही आठवडाभर लागतो. पट्टा 48 तासांत रिकामा झाला पाहिजे अशी अट घाला. त्याहून जास्त पाणी उभं राहिलं तर तो नापास, मग डास असोत वा नसोत. पंपासमोर मुरवायचं नाही, अजिबात नाही. तिथे तेल वेगळं करणारी टाकी आणि पट्ट्याच्या तळाला पाणी न झिरपणारं अस्तर. गॅरेज असेल तिथेही तेच. भूजल वर असेल तरी अस्तर लागेल, तेव्हा विहिरीची पातळी विचारून घ्या.

गाळ_काढा_आधी:
सगळं छान, पण आधी एक करा. आठवडाभर पाऊस नसताना नदीकाठी जाऊन गटाराचं तोंड बघा. पाणी वाहत असेल तर बहुधा वर कुणीतरी मोरी-संडास पावसाळी गटाराला जोडलाय. कधी फुटलेली जलवाहिनी किंवा भूजलाचा पाझरही असतो, म्हणून वासावर जाऊ नका. पालिकेकडे रंगचाचणी मागा: संशय असलेल्या घरात रंग ओततात आणि खालच्या चेंबरला कुठे निघतो ते बघतात. असे जोड तसेच राहिले तर तुमचे पट्टे वर पाणी गाळत बसतील आणि खाली मैला चालूच.

आणि काम सुरू असताना उघडी माती झाका म्हणावं. नव्या पट्ट्यांचा सगळ्यात मोठा शत्रू त्याच रस्त्याचा कंत्राटदार असतो. पट्टे शेवटी भरा, डांबर-काँक्रीट उरकल्यावर. खळग्यातला गाळ कोण काढणार, वर्षातून किती वेळा, हे त्याच निविदेत पाहिजे. वेगळ्या निविदेवर सोडलं तर ती कधी निघत नाही.