विषय: रंगपंचमीची रहाड – पाणी, रंग, पहिला धप्पा (उत्तर आज रात्रीपर्यंत हवं)

ताई (सचिव, कोलोन, जर्मनी)

मंडळी, आपल्या रहाडीची टाकी ठरली. (नवख्यांसाठी: रहाड म्हणजे नाशिकच्या रंगपंचमीतला रंगीत पाण्याचा हौद, आणि त्यात घेतलेली बुडी म्हणजे धप्पा.) लांबी 3 मीटर, रुंदी 2, काठ 1.2 मीटर. संकुलाच्या मागच्या फरशीवर ठेवायला परवानगी मिळाली. व्यवस्थापकांच्या अटी दोन: पाण्यात क्लोरीन हवं, आणि रंगीत पाणी पावसाच्या गटारात सोडायचं नाही. नाशिककरांनो, पळस चालेल का? किती लागेल? फुलांची ऑर्डर आज द्यायची आहे.

माई (पंचवटी, नाशिक)

ताई, क्लोरीन आणि पळस एका टाकीत नांदणार नाहीत. क्लोरीन फुलाचा रंग खातं. सकाळी केशरी दिसलेलं पाणी दुपारपर्यंत चहाच्या धुवणासारखं होईल आणि मग लोक पुड्या आणून ओततील. हळदीचंही तेच. आधी क्लोरीनचं मिटवा, मग फुलं मागवा.

पळसाचं प्रमाण असं: वाळलेली फुलं 100 ग्रॅम, दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालायची, सकाळी मंद आचेवर अर्धा तास उकळायची, पंचातून गाळायची. हा अर्क एका बादलीला पुरतो. भांडं स्टीलचं किंवा पितळेचं घ्या. लोखंडी कढईत रंग काळवंडतो. चिमूटभर चुन्याची निवळी घातली की पिवळा केशरीकडे झुकतो, पण चुना जास्त झाला तर अंगाला खाज सुटेल. तुमचं नळाचं पाणी जड असेल तर चुना नकोच. आधी एका पेल्यात घालून बघा.

देठ काढून, सावलीत वाळवलेली फुलं घ्या. उन्हात वाळवलेल्या फुलांचा रंग फिका पडतो. पेठ-सुरगाण्याकडे सध्या पळस फुलला आहे.

बापू (कोलोन)

माईंचं रंगाचं बरोबर, पण आधी पाणी किती ते ठरवा. टाकी एक मीटरच्या वर भरली तर 7,000 लिटरच्या आसपास जाईल. मार्चमध्ये इथे दुपारीही 10 अंशांच्या आसपास असतं, नळाचं पाणी तितकंच गार. त्या पाण्यात मुलांना उतरवणार आहात का?

60 सेंटिमीटरच भरा. म्हणजे 3,600 लिटर. ते 10 अंशांवरून 28 वर न्यायला साधारण 75 युनिट वीज लागते. 3 किलोवॅटचा एक हीटर लावला तर 25 तास, वर वाऱ्याने जाईल ती उष्णता वेगळी. दोन हीटर एकाच सर्किटवर लावू नका, प्रत्येकी 13 अँपिअर, 16 चा फ्यूज लगेच उडेल. आणि माणसं आत असताना हीटर पाण्यात नको, हे वेगळं सांगायला नको.

सोपा मार्ग: संकुलाच्या बॉयलरचं 60 अंशांचं पाणी सुमारे 1,300 लिटर, बाकी 2,300 गार. आधी गार भरा, मग गरम सोडा. मग थर्मामीटरने वरचं आणि तळाचं दोन्ही पाहा, गरम पाणी वर तरंगतं. बॉयलरची क्षमता विचारा, तेवढं एका दमात मिळेल का ते.

क्लोरीनचंही यातच सुटतं. पाणी त्याच सकाळी पिण्याच्या नळाचं भरायचं आणि संध्याकाळी रिकामं करायचं. क्लोरीन लागतं ते साठवलेल्या पाण्याला. व्यवस्थापकांना हे लेखी कळवा, तोंडी नको.

अण्णा (कोलोन)

एवढी थंडी असेल तर इथल्या कार्निव्हलमध्येच का नाही? फेब्रुवारीत सगळं शहर रस्त्यावर असतं, आपली टाकीही त्यातच. तोही रोमन लोकांच्या सॅटर्नेलियाचाच सण, मालक-नोकर एक होण्याचा, आणि आपली होळीही त्याच जातीची.

बापू (कोलोन)

अण्णा, थंडी म्हणून फेब्रुवारी? तेव्हा तर आणखी गार. सॅटर्नेलिया 17 डिसेंबरला सुरू व्हायचा. त्यापासून कार्निव्हलपर्यंत सलग धागा दाखवता येत नाही. पक्कं धरता येतं ते एवढंच: ईस्टरआधीचे 40 दिवस उपासाचे, म्हणून ॲश वेन्सडेच्या, म्हणजे उपास सुरू होतो त्या बुधवारच्या, आधी मांस, चरबी, अंडी संपवायची आणि मनसोक्त खाऊन-पिऊन घ्यायचं. तळलेले गोळे त्याच दिवसांतले. कोलोनची आजची मिरवणूक 1823 ची, प्रशियन राजवटीतली. लाकडी बंदुकांना फुलं लावून शिपायांची नक्कल तेव्हापासून चालू आहे.

तिथीही वेगळी. ईस्टर पौर्णिमेनंतरच्या रविवारी, त्याच्या 47 दिवस आधी कार्निव्हलचा मंगळवार, म्हणजे तो अमावास्येच्या आसपास पडतो. होळी पौर्णिमेला. त्यामुळे दोन्ही एका दिवशी येतच नाहीत, रंगपंचमी तर आणखी पुढे. सण आपल्या तिथीलाच करू या.

अक्का (जुने नाशिक)

बापूंना एक जोड. कोलोनमध्ये मंगळवारी मध्यरात्री नुबेल जाळतात, गवताचा बाहुला, वर्षभराच्या सगळ्या चुका त्याच्या माथी मारून. म्हणजे तिथे आग शेवटी, त्यानंतर उपास. आपल्याकडे होळी आधी पेटते, धुळवडीला वीर नाचतात, मग पंचमीला रंग. म्हणून जाळणं झाल्यावरची रहाड ही निव्वळ आनंदाची. तिथे नुसती उधळण नको, धप्पा हवा. माणूस रंगात अख्खा बुडून वर आला की कोण कोण आहे ते ओळखू येत नाही, आणि तेच तर हवं असतं.

आणि ताई, तिथे कार्निव्हलच्या गुरुवारी बायका पुरुषांच्या टाय कापतात, हे विसरू नका. बॉनजवळच्या बॉयेलमध्ये धोबिणींनी 1824 मध्ये सुरू केलेला दिवस आहे तो. पहिला धप्पा बायकांचा ठेवा. मंडळात पहिल्या धप्प्याचा मान कोणाचा यावरून दरवर्षी जो वाद होतो तो यंदा नको.

नाना (तिवंधा, नाशिक)

मानाचं हलकं घेऊ नका अक्का. रहाडी पेशवेकालीन आहेत, वर्षभर फळ्या आणि मातीखाली बुजवून ठेवतात, वरून रहदारी चालते. उघडल्यावर आधी पूजा, मग मानकऱ्याचा धप्पा, मग बाकीचे. बायकांचा पहिला धप्पा ठेवा, मला हरकत नाही, पण पूजेनंतरच. आणि प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला असतो. तिवंध्याची पिवळी, शनी चौकाची गुलाबी, दिल्ली दरवाज्याची केशरी. एका टाकीत तीन रंग मिसळलेत तर चिखल होईल. एकच ठरवा.

दुसरं, आमच्या रहाडी 8-10 फूट खोल. 60 सेंटिमीटरमध्ये कोणी सूर मारला तर मान मोडेल. तुमच्याकडे काठावर बसून पाय आत, मग बसकण मारायची, तोच धप्पा. काठावर दोन धट्टेकट्टे उभे करा, आत एका वेळी चौघेच. फरशीवर ओली पोती टाका, नाहीतर बाहेर आलेला माणूस दुसऱ्या पावलाला घसरेल.

माई (पंचवटी, नाशिक)

3,600 लिटर म्हणजे 15 लिटरच्या 240 बादल्या, म्हणजे 24 किलो फुलं. एवढी मागवू नका. 12 किलो पळस आणि उरलेल्या रंगासाठी झेंडूच्या पाकळ्या उकळा, त्यांचा पिवळा पक्का असतो. नानांना पिवळी हवी, मला केशरी आवडेल, या मिश्रणात दोघांचं भागेल.

आणि गटाराचं: मैलापाण्याच्या वाहिनीचं झाकण कुठे आहे ते आजच विचारा. पंपाला 25 मीटर पाइप लागेल की 50, ते त्यावर ठरेल. पंपाच्या तोंडाला जाळी बांधा, पाकळ्या अडकून पंप जळतो.